करून दाखविण्याची परीक्षा

श्रोतेहो, धुळें जिल्ह्याच्या पश्चिम भागांत साक्री नांवाचें तालुक्याचें गांव आहे. पूर्वी हा तालुका पिंपळनेर या नांवानें ओळखला जाई. मावळतीला सह्याद्रीचे डोंगर, उगवतीकडे उतरत जाणारीं काळीं रानें आणि त्यांमधून वाहणाऱ्या पांझरा व कान या नद्या, असा हा मुलूख आहे. येथील घरांतून अहिराणी बोलली जाते. डोंगराकडच्या पाड्यांवर भिलांच्या व कोकणांच्या बोली ऐकूं येतात. शाळेचें पुस्तक मात्र प्रमाण मराठींत असतें.

पांझरेच्या कांठीं पाणी वाटण्याची एक फार जुनी रीत आहे. तिला फड पद्धत म्हणतात. नदीला दगडी बंधारा घालावयाचा, पाटानें पाणी रानावर आणावयाचें, जमिनीचे फड पाडावयाचे आणि एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, असा हा गांवाचा सामायिक कारभार. कोणाच्या वाफ्यांत पाणी केव्हां सोडावयाचें आणि केव्हां तोडावयाचें हें पाटकरी पाहतो. अशा पाटाच्या कडेला वाढलेल्या मुलाला कोणती माती पाणी धरून ठेवते आणि कोणती सोडून देते हें कोणी शिकवावें लागत नाहीं. तें त्याच्या पायांना ठाऊक असतें.

आतां हेंच मूल परीक्षेला बसतें. प्रश्न असा येतो: “वालुकामय व चिकण मातीच्या जलधारणक्षमतेंतील फरक स्पष्ट करा.” मूल ‘जलधारणक्षमता’ या शब्दापाशीं अडतें आणि कागद कोरा राहतो. गुरुजी शून्य मांडतात. तें शून्य त्याच्या विज्ञानाला मिळालें कीं त्याच्या भाषेला, हें प्रगतिपुस्तकावर कोठेंच लिहिलेलें नसतें. पुढें घरचीं माणसें म्हणूं लागतात कीं पोराला शास्त्र जमत नाहीं, आणि थोड्याच दिवसांत पोरालाही तसें वाटूं लागतें.

लहान मुलाला विज्ञान किती आलें हें त्याच्याकडून कांहीं करवून घेऊन कसें तपासावें, या प्रश्नाचा गेल्या दीडशें वर्षांतील इतिहास आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंत विज्ञान नव्हतें. धूळपाटीवर अक्षर गिरवावें, पाढे, पावकी, निमकी पाठ म्हणावी, मोडी कागद वाचून दाखवावा, इतकेंच तेथें चाले. त्या शिक्षणांत घोकंपट्टी भरपूर होती. परंतु शेवटीं मुलाला कागद वाचावा लागे आणि हिशेब करून दाखवावा लागे. आणि तें ऐकणारा व पाहणारा माणूस समोर बसलेला असे.

पुढें इंग्रजी अमदानींत परीक्षेचें निराळें तंत्र आलें. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लोव यांच्या पुढाकारानें एक नवी नियमावली अमलांत आली. वर्षांतून एकदां तपासनिसानें शाळेंत जावें, मुलांचें वाचन, लेखन व गणित तपासावें, आणि जितकीं मुलें उतरतील त्या हिशेबानें शाळेला सरकारी पैसा मिळावा, असा तिचा आशय होता. मुंबई इलाख्यांतही त्याच दशकांत खाजगी शाळांना अनुदान देतांना हें तत्त्व लागू झालें. निकाल दाखवा आणि पैसे न्या, असा हा सौदा होता. त्याचा परिणाम काय व्हावयाचा तो झाला. ज्याला पैसा मिळे तेंच शाळेंत शिकविलें जाऊं लागलें, आणि वस्तु समोर ठेवून शिकविण्याचे पाठ इंग्लंडांतील कित्येक शाळांतून मागें पडले.

१८८२ सालीं हंटर आयोग बसला. महात्मा जोतीराव फुले यांनीं या आयोगाला जें निवेदन दिलें त्यांत प्राथमिक शाळेंत शेतकीचें आणि आरोग्याचें सोपें ज्ञान द्यावें अशी मागणी होती. शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या रानांतील विज्ञान शाळेंत भेटावें, हा तिचा अर्थ आज आपल्याला सहज कळतो. निकालावर पैसा देण्याची पद्धत मात्र त्यानंतरही वीस वर्षें टिकली. १९०४ च्या सरकारी ठरावानें ती सोडून देण्याचें धोरण जाहीर झालें. पद्धत गेली, तरी तिनें लावलेली खोड गेली नाहीं. जें कागदावर चटकन् तपासतां येतें तेंच ज्ञान, ही समजूत शाळेच्या भिंतींत मुरून राहिली.

यानंतरचा मोठा प्रयत्न खानदेशाच्या अगदीं उंबऱ्याशीं सुरू झाला. १९३६ च्या डिसेंबरांत पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. ग्रामोद्योगांचें प्रदर्शन हा त्याचा एक मुख्य भाग होता. त्यानंतर वर्षाच्या आंतच, १९३७ च्या ऑक्टोबरांत, वर्ध्यास गांधीजींनीं शिक्षणपरिषद बोलाविली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. मुलानें हातानें काम करीत शिकावें, हें तिच्या योजनेचें सूत्र होतें, आणि अभ्यासक्रमांत सामान्य विज्ञानाला स्वतंत्र स्थान होतें. रूढ परीक्षापद्धतीवर समितीनें कडक टीका केली, आणि तिच्या जागीं कांहीं निवडक मुलांची प्रगति नमुन्यादाखल तपासून एकंदर शाळांच्या कामाचा अंदाज घ्यावा असें सुचविलें.

ही सूचना काळाच्या पुढची होती. परंतु एक अडचण राहून गेली. टकळीवर किती सूत निघालें आणि तें किती सारखें आलें हें मोजतां येतें. त्याच मुलानें कापसाच्या झाडाचें निरीक्षण किती बारकाईनें केलें हें कशानें मोजावें? त्याला गज नव्हता आणि तराजूही नव्हता. ज्या गोष्टीला माप नसतें ती सरकारी वहींत शिरत नाहीं, आणि जी वहींत शिरत नाहीं ती हळूहळू वर्गांतूनही जाते.

यानंतरचा टप्पा स्वातंत्र्यानंतरचा आहे. १९७४ सालीं मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखालीं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झालें. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुळकर्णी हे भौतिकीचे अभ्यासक होते. केंद्राच्या आरंभींच्या कामांपैकीं एक काम आपल्या खानदेशांत, जळगांव जिल्ह्यांतील खिरोदें परिसराच्या ग्रामीण शाळांतून झालें. मुंबईंतील महापालिकेच्या शाळांतही केंद्रानें काम केलें, आणि तेथें कुळकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांचें लक्ष एका गोष्टीकडे वेधलें गेलें. गरीब वस्तींतील मुलें विज्ञानांत मागें पडतात याचें एक मोठें कारण पुस्तकाची अवघड भाषा हें आहे, असें त्यांना दिसलें. मजकूर सोप्या भाषेंत दिला कीं त्याच मुलांची समज वाढत असे. साक्रीच्या मुलाचा तो कोरा कागद आठवा. त्याच्या उत्तराच्या आड काय उभें होतें, हें या कामामुळें आपल्याकडे प्रयोगानिशीं पुढें आलें.

त्याच सुमारास सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशांत होशंगाबाद जिल्ह्यांत दुसरा एक उपक्रम चालू होता. १९७२ सालीं सोळा माध्यमिक शाळांतून सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोग करीत विज्ञान शिकविण्यास आरंभ झाला. मुंबईंतील शास्त्रज्ञांचाही त्याला हातभार होता. १९७८ पर्यंत तो जिल्हाभर पसरला. या उपक्रमाच्या चालकांनीं आधींच ओळखलें होतें कीं परीक्षा जुनी ठेवली तर शिकविणें नवें राहणार नाहीं. म्हणून लेखी परीक्षेंत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा दिली, आणि जोडीला प्रयोगाची परीक्षा ठेवली, जिच्यांत मुलाला साहित्य हातीं घेऊन कांहीं तरी शोधावें लागे. २००२ सालीं हा कार्यक्रम शासनानें बंद केला. परंतु साध्या सरकारी शाळांत, मोठ्या संख्येनें, हातांची परीक्षा घेतां येते हें त्यानें तीस वर्षें करून दाखविलें.

परदेशांतही हाच शोध चालू होता. इंग्लंडांत १९८० ते १९८४ या काळांत अकरा, तेरा व पंधरा वर्षांच्या मुलांच्या विज्ञानाची देशव्यापी पाहणी झाली, तेव्हां खोलींत निरनिराळीं टेबलें मांडून मुलांना एकेका टेबलावरील काम करावयास लावण्याची रीत वापरली गेली. अमेरिकेंत १९९० च्या सुमारास रिचर्ड शेव्हल्सन व त्यांचे सहकारी यांनीं कागदी टिपणें मुलांपुढें ठेवून कोणतें अधिक पाणी शोषतें हें शोधावयास सांगितलें, आणि अशा परीक्षेंत चूक कोठें होते याचा हिशेब मांडला. त्यांतून दोन गोष्टी निघाल्या. परीक्षकांना नीट तयार केलें तर ते एकाच मुलाला बहुधा सारखेच गुण देतात. तेथें फारसें भय नाहीं. भय निराळ्याच ठिकाणीं आहे. एका कामांत चमकणारें मूल दुसऱ्या कामांत चाचपडतें. म्हणून एकाच प्रयोगावरून कोणत्याही मुलाच्या कपाळावर शिक्का मारूं नये. बरींच निरनिराळीं कामें द्यावीं आणि मग बोलावें.

श्रोतेहो, इतक्या प्रवासानंतर आपण पुन्हा साक्रीच्या मुलाकडे येऊं. समजा, एखाद्या गुरुजींना चौथीच्या वर्गासाठीं मातीच्या पाठावर अशी परीक्षा ठरवावयाची आहे. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या रिकाम्या बाटल्या अर्ध्यावर कापाव्या. त्यांच्या तोंडांना सारख्याच कापडाचा तुकडा बांधून त्या उलट्या धराव्या. शेजारीं काळी माती, नदीची वाळू, एक पेला आणि पाणी ठेवावें. मुलाला त्याच्या बोलींत इतकेंच विचारावें कीं कोणत्या मातींतून पाणी लवकर उतरेल तें शोधून दाखव. खर्च जवळजवळ कांहींच नाहीं, आणि ‘जलधारणक्षमता’ हा शब्द वाटेंत येत नाहीं.

साहित्य मांडणें सोपें. गुण देणें अवघड. गुरुजी नुसते पाहत बसले तर स्वच्छ कपड्यांच्या, धीट बोलणाऱ्या मुलाला दोन गुण अधिक पडतील, हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. तें टाळण्यासाठीं परीक्षेच्या आधीं एक तक्ता लिहून ठेवावयाचा. काय पाहावयाचें याचे निकष त्यांत मांडावयाचे, आणि प्रत्येक निकषाच्या पायऱ्या साध्या शब्दांत वर्णावयाच्या. अशा तक्त्याला अलीकडे ‘रुब्रिक’ म्हणतात. हा शब्द लाल मातीवाचक लॅटिन शब्दापासून आला. युरोपांतील जुन्या हस्तलिखितांत मथळे व सूचना लाल शाईनें लिहीत, त्यावरून. आपल्या पोथ्यांतही हिंगुळाच्या लाल शाईनें खुणा करीत. वाचणाऱ्याला वाट सांपडावी हा तिचा हेतु, आणि या तक्त्याचाही हेतु तोच.

आपल्या मातीच्या प्रयोगाला तीन निकष पुरेत. पहिला निकष तुलनेचा. सर्वांत खालच्या पायरीवरील मूल हाताला येईल तेवढी माती घालतें आणि वाटेल तेवढें पाणी ओततें. त्याच्या वरचें मूल माती सारखी घेतें, पण पाण्याचें माप विसरतें. त्याच्याही वरचें दोन्ही सारखीं घेतें, पण पाणी आधीं एकींत आणि बऱ्याच वेळानें दुसऱ्या बाटलींत ओततें, आणि वेळ मोजीत नाहीं. सर्वांत वरचें मूल माती, पाणी व वेळ तीन्ही सांभाळतें. घड्याळ नसेल तर तें आंकडे मोजतें, आणि तें पूर्णपणें चालावें.

दुसरा निकष नोंदीचा. येथें वाक्यच लिहिलें पाहिजे असा हट्ट नको. चित्र चालेल, रेघा मारून ठेवलेला हिशेब चालेल, “पानी रेतीमा लवकर जास” हें अहिराणी वाक्यही चालेल. आपण विज्ञान तपासत आहों, शुद्धलेखन तपासत नाहीं. शुद्धलेखनाची परीक्षा वेगळी घ्यावी आणि तिचे गुण वेगळे मांडावे.

तिसरा निकष अनुमानाचा, आणि माझ्या मतें हा सर्वांत मोलाचा. समजा, एका मुलाच्या बाटलींत माती नीट दाबली गेली नाहीं आणि काळ्या मातीच्या कडेनें पाणी भसकन् खालीं आलें. मुलानें पाहिलें तसेंच सांगितलें कीं माझ्या काळ्या मातींतून पाणी आधीं उतरलें. दुसऱ्या मुलाच्या बाटलींतही तसेंच झालें, पण त्यानें पुस्तकांतील उत्तर आठवून वाळूचें नांव घेतलें. लेखी परीक्षेंत दुसरा उत्तीर्ण होतो आणि पहिला नापास. आपल्या तक्त्यांत पहिला वर असला पाहिजे, कारण तो आपल्या पुराव्याशीं इमान राखून बोलला. आणि जो पुढें जाऊन म्हणेल कीं पाणी कडेनें गेलें असावें, मी पुन्हा करून पाहतों, तो सर्वांत वरच्या पायरीवर. एखादी मुलगी असेंही म्हणेल कीं उन्हाळ्यांत काळ्या रानाला भेगा पडतात तेव्हां पहिलें पाणी भेगांतूनच खालीं जातें. तिला वरची पायरी देतांना गुरुजींनीं आपल्या वहींतही तें टिपून घ्यावें.

तक्ता खरा ठरला कीं नाहीं हें पाहण्याचा उपायही साधा आहे. दोन शिक्षकांनीं एकाच मुलाचें काम पाहावें आणि एकमेकांना न विचारतां पायरी लिहावी. दोघांच्या पायऱ्या जुळल्या नाहींत तर तक्त्यांतील शब्द संदिग्ध आहेत असें समजून ते बदलावे. ‘छान’, ‘बरें’, ‘समाधानकारक’ हे शब्द अशा वेळीं सर्वांत आधीं गळतात, कारण मुलानें काय केलें हें त्यांतून कळतच नाहीं.

चाळीस मुलांच्या वर्गांत एकट्या गुरुजींनीं हें कसें करावें, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. सर्वांची परीक्षा एकाच दिवशीं घेण्याचा आग्रह सोडला तर वाट निघते. दररोज पांच मुलें पाहिलीं तर आठ दिवसांत वर्ग पुरा होतो. मुलें गटानें काम करीत असतील तर पेला कोणाच्या हातांत आहे तेवढें पाहावें. पुष्कळदां मुलगे ओततात आणि मुली नुसत्या लिहितात, आणि मग मुलींच्या हातांची परीक्षा झालेलीच नसते.

महाराष्ट्रांत अशा परीक्षेला कायद्याचें बळही मिळालें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलें, आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयानें तें राज्यांत लागू झालें. त्यांत वर्षभर चालणारें आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या अखेरचें संकलित मूल्यमापन असे दोन भाग केले गेले. पहिली-दुसरीला आकारिक भागाचें वजन शेंकडा ७०, तिसरी-चौथीला ६०, पांचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४० ठेवलें. आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत ‘प्रात्यक्षिक, प्रयोग’ हें एक साधन स्पष्टपणें नमूद होतें. फुल्यांची मागणी, वर्ध्याची योजना, खिरोदें व होशंगाबाद येथील अनुभव, या सर्वांना कागदावर तरी एक घर मिळालें.

परंतु कागदावर मिळालेल्या घरांत राहावयास जावें लागतें. शिक्षकानें प्रत्येक मुलाविषयीं वर्णनात्मक नोंद लिहावी असें ठरलें, आणि थोड्याच काळांत तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारांत आल्या. ‘प्रयोगाचें साहित्य नीट हाताळतो’ हें वाक्य तींतून उतरवून घेतां येतें. त्यासाठीं प्रयोग व्हावाच लागतो असें नाहीं. जी घोकंपट्टी पूर्वी मुलें करीत ती आतां नोंदवही करूं लागली. शिक्षकांच्या माथीं सारा दोष मारणें मात्र अन्यायाचें होईल. एका माणसावर अनेक वर्ग, अनेक तक्ते आणि अनेक फर्मानें लादलीं कीं तो जवळची वाट शोधणारच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रगतिपुस्तक सर्वांगीण करावें आणि मुलाचें स्वतःविषयींचें मतही त्यांत यावें असें सुचविलें आहे. तेंही तयार वाक्यांच्या हातीं पडूं नये, एवढीच इच्छा.

दीडशें वर्षांच्या या कथेंतून मला एकच गोष्ट ठळकपणें दिसते. विज्ञान शिकविण्याच्या नव्या रीती आपल्याकडे पुष्कळ आल्या, आणि परीक्षा जुनी राहिल्यामुळें त्यांतील बहुतेक वाटेंतच थकल्या. उलट जेथें परीक्षा बदलली तेथें शिकविणेंही बदललें. होशंगाबादचे शिक्षक मुलांच्या हातीं साहित्य देत, कारण परीक्षेंतही तें हातीं द्यावें लागे.

आपण शहरांतलीं सुशिक्षित कुटुंबें आहोंत. आपल्या मुलांना प्रमाण भाषा घरींच मिळते, त्यामुळें लेखी परीक्षेचा जाच आपल्याला फारसा जाणवत नाहीं. कित्येकदां तर तिचा फायदाच होतो. पण आपलें मूल ‘जलधारणक्षमता’ हा शब्द बिनचूक लिहितें म्हणून त्याला माती कळली असें समजूं नये. एखाद्या रविवारीं त्याच्यापुढें दोन बाटल्या, थोडी माती आणि थोडी वाळू ठेवून पाहा. ओतण्याआधीं तें पाणी मोजून घेतें कीं नाहीं, एवढेंच गुपचूप पाहावें. आणि तें मोजण्याचें विसरलें, तर साक्रीच्या त्या कोऱ्या कागदाला शून्य देण्याची घाई आपण किती वर्षें करीत आलों, याचा क्षणभर विचार करावा.